शनिवारचे मास्तर

गतवर्षीं मे महिन्याच्या सुटींत माझ्या धाकट्या भावाकडे ग्लासगो शहरीं सहा आठवडे राहण्याचा योग आला. मी भूगोलाचा शिक्षक. वर्गांतल्या नकाशावर ज्या देशांवर वर्षानुवर्षें छडी टेकविली, त्यांतला एक तरी स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावा अशी फार दिवसांची इच्छा होती. परंतु खरें सांगावयाचें तर तेथील डोंगर व सरोवरें ह्यांपेक्षां मला तेथील फुटबॉलची ओढ अधिक होती. लहानपणापासून मला ह्या खेळाचें वेड. आणि हा खेळ आपल्या देशांत आला तो पुष्कळसा स्कॉच लोकांबरोबर आला. १८८८ सालीं सिमल्यास ड्युरँड चषकाचे सामने प्रथम भरले, तेव्हां अखेरच्या सामन्यांत उतरलेल्या दोन्ही पलटणी स्कॉच होत्या. रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्स ह्या पलटणीनें हायलंड लाइट इन्फंट्रीचा दोन विरुद्ध एक अशा गोलांनीं पराभव केला. तेव्हां गुरूच्या घरीं जावें तशा भावनेनें मी त्या देशीं गेलों.

पहिल्याच संध्याकाळीं मला एक आश्चर्य वाटलें. मे महिन्याच्या अखेरीस तेथें रात्रीं साडेनऊ वाजेपर्यंत चांगला उजेड असतो. जेवणें आटोपून आम्ही दोघे फिरावयास निघालों. रस्ते स्वच्छ, हवा थंड, पाऊस नाहीं. आणि वाटेंत एकही मूल खेळतांना दिसलें नाहीं. रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारींची ओळ लागलेली. एका इमारतीच्या भिंतीवर 'येथें चेंडू खेळूं नये' अशा अर्थाची एक पाटी होती. ती इतकी जुनी कीं तिचा रंग उडून गेला होता. मी म्हणालों, "अरे, ही पाटी आतां कोणासाठीं?" भाऊ हसला, मला मात्र हसूं येईना.

विद्यार्थिमित्रहो, त्या रिकाम्या रस्त्याचें मला इतकें वाईट कां वाटावें, हें समजण्यासाठीं स्कॉटलंडची पूर्वीची हकीकत थोडी ऐकली पाहिजे. ह्या देशाची लोकसंख्या सुमारें ५५ लक्ष. आपला एकटा नाशिक जिल्हा २०११ च्या खानेसुमारींत ६१ लक्षांचा भरला, ह्यावरून त्याच्या आकाराची कल्पना येईल. दोन राष्ट्रांमधील पहिला अधिकृत फुटबॉल सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजीं ह्याच ग्लासगो शहरांत स्कॉटलंड व इंग्लंड ह्यांमध्यें झाला. तें मैदान मीं मुद्दाम जाऊन पाहिलें. मौज अशी कीं तें क्रिकेटचें मैदान; तेव्हांही होतें आणि अजूनही आहे. त्या दिवशीं सुमारें चार हजार प्रेक्षक जमले होते. स्कॉटलंडचे अकराही गडी क्वीन्स पार्क ह्या एकाच क्लबाचे. इंग्लंडचे गडी अंगानें भारी. ज्याच्या पायाशीं चेंडू आला त्यानें तो एकट्यानेंच पुढें रेटीत न्यावा, ही त्यांची रीत. स्कॉच गडी हलके. त्यांनीं चेंडू एकमेकांस देत देत पुढें जाण्याची युक्ति काढली. सामना बरोबरींत सुटला, गोल एकाही बाजूस झाला नाहीं. परंतु आज जगभर जो फुटबॉल खेळला जातो त्याचें बीज त्या युक्तींत आहे. पुढें इंग्लंडांतील क्लब स्कॉच खेळाडूंना बोलावून नेऊं लागले, आणि लोक त्यांना 'स्कॉच प्रोफेसर' म्हणूं लागले.

एअरशायर परगण्यांत ग्लेनबक नांवाचें कोळशाच्या खाणीचें एक खेडें होतें. 'होतें' असें म्हणतों, कारण खाणी बंद पडल्यावर तें ओस पडलें. मी गेलों तेव्हां तेथें गवत, वारा व स्मारकाच्या शिळा एवढेंच उरलें होतें. हजार-दीड हजार वस्तीच्या ह्या खेड्यानें सुमारें पन्नास धंदेवाईक फुटबॉलपटू दिले. लिव्हरपूल क्लबास मोठेपणा मिळवून देणारे व्यवस्थापक बिल शँक्ली ह्याच गांवचे. ते पांच भाऊ, आणि पांचही जण धंदेवाईक खेळाडू झाले. मँचेस्टर युनायटेडचे मॅट बस्बी व सेल्टिक क्लबाचे जॉक स्टीन हेही शेजारच्या लॅनार्कशायरमधील खाणकामगारांच्या वस्तींतून वर आले.

१९६७ साल म्हणजे ह्या वैभवाचा कळस. १५ एप्रिल रोजीं स्कॉटलंडनें लंडनच्या वेंब्ली मैदानावर इंग्लंडचा तीन विरुद्ध दोन असा पराभव केला. आणि इंग्लंड तर आदल्याच वर्षीं जगज्जेतें झालेलें! पुढें ४० दिवसांनीं, २५ मे रोजीं, लिस्बन येथें ग्लासगोच्या सेल्टिक क्लबानें इटलीच्या इंटर मिलानला हरवून युरोपियन चषक जिंकला. ब्रिटनमधील कोणत्याही क्लबानें हा चषक त्यापूर्वीं जिंकला नव्हता. त्या अकरा जणांपैकीं प्रत्येकाचा जन्म क्लबाच्या मैदानापासून सुमारें तीस मैलांच्या आंत झालेला होता. आपल्या तालुक्यांतील व शेजारच्या तालुक्यांतील मुलांनीं एकत्र येऊन साऱ्या खंडांतील अजिंक्यपद पटकावावें, तशी ही गोष्ट! १९६४ सालीं युरोपांतील सर्वोत्तम खेळाडूचा मान ॲबर्डीनच्या एका कोळ्याच्या मुलास, डेनिस लॉ ह्यास, मिळाला होता. पुढें केनी डॅल्ग्लिश, ग्रेम सूनेस, ॲलन हॅन्सन अशीं नांवें इंग्लंडांतील थोर संघांचा कणा होऊन बसलीं. १९७४ पासून १९९० पर्यंत लागोपाठ पांच विश्वचषकांस हा चिमुकला देश पात्र ठरला.

आणि मग ओहोटी लागली. १९९८ सालीं फ्रान्समधील विश्वचषकांत स्कॉटलंड खेळला, त्यानंतर थेट २०२६ च्या विश्वचषकासाठीं त्यानें पात्रता मिळविली. मधलीं अठ्ठावीस वर्षें रिकामीं गेलीं. अशा वेळीं लोक सहज म्हणतात, "लहानसा देश, किती दिवस टिकणार?" परंतु हें उत्तर टिकत नाहीं. १९६७ सालीं त्या देशाची लोकसंख्या सुमारें ५२ लक्ष होती. आज ती त्याहून थोडी अधिकच आहे. उरुग्वे तर स्कॉटलंडहूनही लहान, आणि क्रोएशियाची वस्ती अवघी चाळीस लक्षांच्या आसपास. तरी तो देश २०१८ सालीं विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोंचला. उलट आपला देश एकशेंचाळीस कोटींचा, पण विश्वचषकाच्या मैदानावर आपलें पाऊल अद्याप पडलेलें नाहीं. तेव्हां नुसत्या शिरगणतीनें खेळाडू निर्माण होत नाहींत, हें उघड आहे.

मग झालें काय? माझ्या भावाच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. ते तेथील एका शाळेंतून निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. मीही शिक्षक, हें कळल्यावर त्यांनीं मला आग्रहानें चहास बोलाविलें, आणि मग तीन-चार संध्याकाळीं आमचें बोलणें ह्याच विषयावर झालें.

त्यांच्या बाळपणीं ग्लासगोच्या मुलांचें मैदान म्हणजे चाळींच्या मागचें अंगण व पुढचा रस्ता. कोट काढून जमिनीवर ठेवले कीं झाला गोल. चेंडू रबराचा, लहानसा, सहा पेन्सांना मिळणारा. तेथील बोलींत सहा पेन्सांच्या नाण्यास टॅनर म्हणत. म्हणून ज्याच्या पायांत विशेष जादू असे त्यास 'टॅनर-चेंडूचा खेळाडू' असें नांव पडलें. तो उड्या मारणारा चेंडू खडबडीत फरशीवर ज्याला ताब्यांत ठेवतां आला, त्याला पुढें मोठा चेंडू कांहींच वाटत नसे. लिस्बनच्या विजयी संघांतील जिमी जॉन्स्टन हा खाणकामगाराचा मुलगा दुधाच्या बाटल्या ओळीनें मांडून त्यांमधून चेंडू काढण्याचा सराव करी, असें सांगतात. शिकविणारा कोणी नाहीं, शिटी नाहीं, पंच नाहीं. दिवसाचे तीन-तीन, चार-चार तास, आईनें खिडकींतून हांक मारीपर्यंत खेळ चाले. पुढें रस्ते मोटारींनीं व्यापले, चाळी पाडून उंच इमारती झाल्या, घरांत दूरदर्शन आलें आणि त्यामागून पडद्यावरचे खेळ आले. कोळशाच्या खाणी, जहाजांचे कारखाने, पोलादाच्या भट्ट्या एकामागून एक बंद पडल्या, आणि ज्या वस्त्यांतून हे खेळाडू येत त्या वस्त्याच विस्कळित झाल्या. मुलांना कोणीं खेळण्यास मनाई केली असें नाहीं. खेळण्याची जागा व वेळ हीं दोन्हीही हळूहळू त्यांच्या हातून निसटलीं.

रस्त्यावर तयार झालेल्या मुलाला पुढें हात देणारा कोणी तरी लागतो. स्कॉटलंडांत तो मनुष्य म्हणजे शाळेचा मास्तर. शनिवारीं सकाळीं शेंकडों शाळांचे संघ एकमेकांशीं सामने खेळत, आणि ते सारे सामने शिक्षक आपल्या सुटीच्या दिवशीं, एक छदामही न घेतां चालवीत. आमचे हे वृद्ध गृहस्थही त्यांतलेच. मुलांना बसमधून नेणें, सामना घेणें, चिखलांत लडबडलेले अकरा सदरे घरीं आणून धुणें व सोमवारीं वाळवून परत नेणें, हा त्यांचा बारा वर्षांचा क्रम होता. पुढें १९८४ पासून दोनअडीच वर्षें शिक्षकांचा वेतनासंबंधीं मोठा झगडा चालला. शाळेच्या वेळेबाहेरचें कोणतेंही काम करावयाचें नाहीं, असें शिक्षकांनीं ठरविलें. शनिवारचे सामने बंद पडले.

"आमचें मागणें न्यायाचें होतें," असें ते दोनदां म्हणाले, आणि मला तें पटलें. वेतनवाढ मिळाली, झगडा मिटला. परंतु पुष्कळ शिक्षक त्या शनिवारकडे परत वळले नाहींत. हेही वळले नाहींत. दुसरा कोणी तरी घेईल असें त्यांना वाटलें. आणि दुसऱ्यालाही तसेंच वाटलें असावें. मुलांसाठीं खासगी क्लब निघाले, त्यांतल्या कित्येकांनीं चांगलें काम केलें. तथापि ज्या मुलाचे आईबाप त्याला मोटारींतून नेऊं शकत नव्हते, तो मुलगा मागें राहिला. त्याची नोंद कोठेंच झाली नाहीं, कारण तो पुढें काय झाला असता हें कोणालाच ठाऊक नाहीं.

हें ऐकत असतां माझ्या हातांतला चहा निवून गेला. वाचकहो, आतां जी गोष्ट सांगणार आहें ती सांगण्यास मला संकोच वाटतो. पण ती वगळली तर हा लेख लिहिण्यांत अर्थ नाहीं.

वीस वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका गांवच्या शाळेंत नोकरीस होतों. शनिवारीं सकाळची शाळा सुटली कीं मी मुलांना घेऊन फुटबॉल खेळत असें. नऊ वर्षें हा क्रम चालला. एका वर्षीं संघास बाहेरगांवीं नेण्याच्या खर्चावरून वरिष्ठांचा व माझा खटका उडाला. चूक माझी नव्हती, असें मला अजूनही वाटतें. रागाच्या भरांत मी शनिवारीं शाळा सुटतांच घरीं जाऊं लागलों. मुलें तीन शनिवार चेंडू घेऊन कडुनिंबाखालीं बसून राहिलीं, असें मला शिपायानें सांगितलें. चौथ्या शनिवारीं तीं आलीं नाहींत. त्या रविवारीं संघांतला एक मुलगा माझ्या दाराशीं आला. डाव्या पायानें खेळणारा, अंगानें किडकिडीत, पण चेंडू त्याच्या पायाला जणूं चिकटून राही. उंबऱ्याबाहेर उभा राहून त्यानें विचारलें, "सर, आमच्याकडून कांहीं चुकलें का?" मीं "नाहीं रे, सध्यां काम फार आहे," एवढेंच म्हटलें. माझें भांडण कोणाशीं होतें, आणि त्याची शिक्षा मीं कोणाला दिली, हें मला त्या दिवशीं कळलें नव्हतें असें नाहीं. कळलें होतें; पण अभिमान आडवा आला. वर्षभरानें माझी बदली झाली.

असो. एकट्या शिक्षकांच्या माथीं सारा दोष मारणें हा अन्याय होईल. जगही बदललें. पूर्वीं इंग्लंडांतील श्रीमंत क्लबांना खेळाडू हवा असला तर ते शेजारच्या स्कॉटलंडकडे पाहत. १९९२ सालीं इंग्लंडांतील प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हां पहिल्या फेरींत आरंभीं मैदानावर उतरलेल्या साऱ्या खेळाडूंत ब्रिटन व आयर्लंड ह्यांच्या बाहेरचे अवघे १३ होते. १९९५ च्या डिसेंबरांत युरोपच्या न्यायालयानें बॉस्मन नांवाच्या बेल्जियन खेळाडूच्या फिर्यादींत निकाल दिला, आणि युरोपांतील खेळाडूंना देशोदेशींचीं दारें उघडलीं. चारच वर्षांनीं, २६ डिसेंबर १९९९ रोजीं, चेल्सी क्लबानें असा संघ उतरविला कीं त्याच्या अकरा गड्यांत एकही ब्रिटिश नव्हता. स्कॉटलंडांतील मोठ्या क्लबांनींही बाहेरून खेळाडू आणले. म्हणजे जी जागा पूर्वीं ग्लासगोच्या मुलाला शेजारधर्मानें मिळे, तिच्यासाठीं आतां ब्राझील, सेनेगल व फ्रान्स येथील मुलेंही उभीं होतीं. स्पर्धा वाढली आणि घरची तयारी मात्र घटली. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं घडल्या.

येथेंच लहान राष्ट्राची खरी अडचण आहे, असें मला वाटतें. मोठ्या देशांत शंभर गुणी मुलें वाया गेलीं तरी दुसरीं शंभर सांपडतात. लहान देशाला एकही मूल गमावणें परवडत नाहीं. अँडी रॉबर्टसन ह्याचें उदाहरण घ्या. अंगानें लहान म्हणून पंधराव्या वर्षीं सेल्टिक क्लबानें त्यास सोडून दिलें. १८७२ च्या सामन्यांत ज्या क्वीन्स पार्कनें अकरा गडी दिले, त्याच क्लबानें त्याला जवळ केलें, आणि २०१२ सालीं मोठ्या संघांत घेतलें. क्लब तेव्हां हौशी, म्हणजे खेळण्याबद्दल वेतन नाहीं. सात वर्षांनीं, २०१९ सालीं, हाच मुलगा लिव्हरपूलकडून युरोपचा चषक जिंकत होता, आणि स्कॉटलंडच्या संघाचें नायकत्वही त्याच्याकडे आलें होतें. क्वीन्स पार्कनें दार उघडलें नसतें तर?

त्या देशाला हें उमगलेलें दिसतें. २०१२ सालीं तेथील फुटबॉल संघटनेनें सात शाळा निवडून त्यांत गुणी मुलामुलींना अभ्यासाबरोबरच रोज फुटबॉलचें शिक्षण देण्यास आरंभ केला. म्हणजे हरवलेली वस्तु शोधण्यास तो देश पुनः शाळेकडेच आला! मुलींचा राष्ट्रीय संघ २०१९ सालीं प्रथमच विश्वचषकांत खेळला. आणि १८ नोव्हेंबर २०२५ रोजीं ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर डेन्मार्कचा चार विरुद्ध दोन असा पराभव करून पुरुषांच्या संघानेंही अठ्ठावीस वर्षांचा उपवास सोडला. आइसलँडची वस्ती तर चार लक्षांहूनही कमी. तेथें हिंवाळा कडक, म्हणून त्यांनीं छपराखालीं मैदानें बांधलीं व लहान मुलांनाही शिकलेले शिक्षक दिले. २०१६ सालीं त्यांनीं युरोपच्या स्पर्धेंत इंग्लंडला हरविलें. तात्पर्य, गेलेलें परत आणतां येतें. मात्र पूर्वीं जें रस्त्यावर आपोआप होत असे, तें आतां मोठ्या माणसांनीं बुद्ध्या करावें लागतें.

परत निघण्याच्या आदल्या संध्याकाळीं त्या वृद्ध शिक्षकांचा निरोप घेण्यास गेलों. त्यांनीं फडताळांतून एक जुना, निळा, धुवून धुवून विटलेला सदरा काढून दाखविला. पाठीवर ७ हा आंकडा होता. तो कोणाचा होता तें त्यांना आठवत नव्हतें. शेवटच्या शनिवारीं धुण्यासाठीं आणलेल्या अकरांपैकीं हा एक परत द्यावयाचा राहून गेला, एवढेंच ते म्हणाले.

ही हकीकत मीं येथें एवढ्यासाठीं लिहिली कीं, ह्या वर्षींच्या जूनपासून मीं शनिवारचा क्रम पुनः सुरू केला आहे. शाळा सुटल्यावर साडेअकरा ते एक, आपल्याच मैदानावर. जाळीचे गोल नाहींत. चार विटांवर भागतें. पहिल्या शनिवारीं सात मुलें आलीं, आतां सव्वीस येतात, त्यांत नऊ मुली आहेत. आपल्या शाळेंतून जगप्रसिद्ध खेळाडू निघेल असें मी म्हणत नाहीं. त्या विचारानें मी हें करीतही नाहीं. पालकांस विनंती एवढीच कीं, त्या दीड तासांत शक्यतों दुसरी शिकवणी ठेवूं नये, आणि संध्याकाळीं घरापुढें मुलें खेळत असलीं तर त्यांना लगेच हांक मारूं नये. माझ्या वयाकडे पाहतां मला एका जोडीदाराची गरज आहे. पालकांपैकीं कोणास येतां आलें तर आनंद होईल.

चेंडू मी आणतों. मुलांनीं येतांना पाण्याची बाटली आणावी.

— एक शिक्षक